रंगमंचावर न येणारी ईवा : नाटकातलं कामगार पात्र कसं वाचायचं

माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, तिची मुलगी ओवी तिथेच शिकते. मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "मामा, ओवीला शाळेत एक नाटक आहे. प्रश्न आलाय की त्यातली कामगार मुलगी सामाजिक अन्याय आणि वर्गभेद कसा दाखवते. हिनं लिहिलंय, ती गरीब होती, तिच्यावर अन्याय झाला, वाचून वाईट वाटतं. बाई म्हणतात, हे उत्तर नाही. मग उत्तर काय?"

नाटक होतं जे. बी. प्रीस्टली यांचं 'ॲन इन्स्पेक्टर कॉल्स'. तिकडे सोळाव्या वर्षी मुलं जीसीएसईची परीक्षा देतात, त्यात ते वर्षानुवर्षं लागलेलं आहे. पुढचे चार-पाच रविवार मी आणि ओवी व्हिडिओ कॉलवर ते घेऊन बसलो. तिला सांगितलं ते सगळं इथे क्रमानं मांडतो आहे. नाटक तुमच्या अभ्यासाला असो, हौशी मंडळात वाचन करायचं असो की पहिल्यांदाच परीक्षण लिहायचं असो, रीत हीच. हातात दुसरं एखादं नाटक असेल तरी चालेल.

आधी थोडक्यात गोष्ट. १९१२च्या वसंतातली एक रात्र. इंग्लंडमधल्या ब्रमली नावाच्या काल्पनिक औद्योगिक शहरात कारखानदार आर्थर बर्लिंग यांच्या घरी मुलीच्या साखरपुड्याची मेजवानी चालली आहे. इतक्यात गूल नावाचा इन्स्पेक्टर दारात येतो. ईवा स्मिथ नावाची तरुण मुलगी जंतुनाशक पिऊन रुग्णालयात मेली आहे, आणि एकेकाची चौकशी होते तसं कळत जातं की जेवणाच्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाचा तिच्या आयुष्याशी संबंध आला होता. तिन्ही अंक त्याच एका जेवणघरात. ईवा एकदाही दिसत नाही.

पहिली पायरी : तारखा तिच्या बाजूनं लावा

नाटककार गोष्ट ज्या क्रमानं उलगडतो तो त्याचा क्रम. आपण कागद घ्यायचा आणि कामगार पात्राच्या आयुष्याचा क्रम लावायचा. ओवीनं वहीत लावला तो असा :

सप्टेंबर १९१०. बर्लिंगच्या कारखान्यात पगारवाढीसाठी संप. तो मोडल्यावर ईवाला काढून टाकतात. मग दोन महिने हाताला काम नाही. आईवडील आधीच वारलेले.

डिसेंबर १९१०. मिलवर्ड्स या कपड्यांच्या बड्या दुकानात नोकरी लागते. जानेवारीअखेर मुलगी शीला बर्लिंग तक्रार करते, नोकरी जाते.

मार्च १९११. आता ती डेझी रेंटन हे नाव लावते. जेराल्ड क्रॉफ्ट, म्हणजे शीलाचा होणारा नवरा, तिला एका मित्राच्या रिकाम्या जागेत ठेवतो. सप्टेंबरात संबंध संपवतो.

नोव्हेंबर १९११. मुलगा एरिक दारूच्या नशेत तिच्या खोलीत जबरदस्तीनं शिरतो. तिला दिवस जातात.

एप्रिल १९१२च्या आगेमागे. ती एका महिला धर्मादाय संस्थेकडे मदत मागते. तिथे आर्थर बर्लिंगच्या पत्नी सिबिल बर्लिंग बसलेल्या. अर्ज नामंजूर. दोन आठवड्यांनी ईवा मरते.

यादी झाल्यावर ओवी म्हणाली, "मामाआजोबा, पण नाटकात आईची चौकशी एरिकच्या आधी होते." शाबास! क्रम लावण्याचा फायदा तो हाच, नाटककारानं कुठे अदलाबदल केली ते पकडता येतं. इथे एकदाच केली आहे. सिबिलबाई ठणकावून सांगतात की त्या मुलाच्या बापालाच जबाबदार धरा, त्याला चारचौघांत उघडा पाडा. बाप कोण हे त्यांना ठाऊक नसतं, प्रेक्षकाला मात्र संशय येऊ लागलेला असतो. दुसऱ्याच्या मुलासाठी मागितलेली शिक्षा क्षणात स्वतःच्या मुलावर येते. वर्गभेदावर लिहायचं तर हा प्रसंग सोडू नका. तत्त्व सगळ्यांना सारखं लावायची वेळ आली की बाईंचा आवाज बदलतो.

दुसरी पायरी : पैशाचा हिशेब मांडा

विद्यार्थी ही पायरी हमखास गाळतात. माझ्या मते पेपर इथेच जिंकता येतो. कामगार पात्राच्या नाटकात रकमा उगीच टाकलेल्या नसतात.

तेव्हाचा पौंड वीस शिलिंगचा आणि शिलिंग बारा पेन्सचा. बर्लिंगच्या यंत्रशाळेत बायकांना आठवड्याला सरासरी साडेबावीस शिलिंग पडत. त्यांनी पंचवीस मागितले. म्हणजे अडीच शिलिंग जास्त, शेकडा अकराच्या आसपास. बर्लिंग सांगतो, मजुरीचा खर्च बारा टक्क्यांनी वाढला असता. मालकाच्या तोंडी आकडा किंचित वर सरकलाय, एवढं नुसतं टिपून ठेवा. त्यावर इमला बांधू नका.

आता एरिकची रक्कम घ्या. ईवाला द्यायला त्यानं बापाच्या कचेरीतून साधारण पन्नास पौंड लांबवले. पन्नास पौंड म्हणजे हजार शिलिंग, म्हणजे ईवाचा चव्वेचाळीस आठवड्यांचा पगार. आणि हजाराला अडीचनं भागलंत तर चारशे येतात : चारशे आठवडे, साडेसात वर्षांहून जास्त. जी वाढ मागितली म्हणून तिला हाकललं, ती तिला एकटीला साडेसात वर्षं देता आली असती एवढे पैसे घरच्या पोरानं चोरले आणि बरेच दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही. (प्रामाणिकपणे हेही लिहा की वाढ तिनं एकटीसाठी मागितली नव्हती. कारखान्यात शेकड्यांनी मुली होत्या.)

हा हिशेब नाटकात कुणीच मांडत नाही. पण सुट्या रकमा नाटककारानं देऊन ठेवल्या आहेत. ओवीनं कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मग हे तर चोरीपेक्षा वाईट आहे." कोणतं, पगार न वाढवणं की पैसे हरवल्याचं न कळणं, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

याच पायरीत पहिल्या अंकातलं बर्लिंगचं भाषणही वाचा. जेराल्डचा बाप हा त्याचा धंद्यातला मोठा प्रतिस्पर्धी. मुलीच्या साखरपुड्याचा पेला उचलून तो म्हणतो की आता दोन्ही घराणी स्पर्धा सोडून एकत्र येतील, खर्च उतरतील आणि भाव चढतील. खर्च उतरणार म्हणजे कुणाच्या पोटातून, ते अजून कळलेलं नसतं. पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत इन्स्पेक्टर ते कळवतो.

तिसरी पायरी : दारं मोजा, आणि किल्ल्या कुणाकडे आहेत ते बघा

एका माणसानं दुसऱ्या माणसाला छळलं तर तो दुष्टपणा झाला. त्यातून वर्गाचं चित्र उभं राहत नाही. प्रतिनिधी पात्राभोवती व्यवस्था दिसावी लागते. म्हणून ईवानं कोणकोणती दारं ठोठावली ते मोजायचं.

कारखाना बर्लिंगचा. दुकान बर्लिंगचं नाही, पण शीला मॅनेजरला धमकावते की त्या मुलीला काढा, नाहीतर आईला सांगून आमचं खातं बंद करायला लावीन. म्हणजे तेही दार त्याच घराच्या हातात. धर्मादाय समितीच्या बैठकीत अध्यक्षस्थानी घरच्याच बाई. न्यायालय? बर्लिंग मॅजिस्ट्रेट आहे, दोन वर्षांपूर्वी शहराचा लॉर्ड मेयर होता, आता 'सर' होण्याची वाट बघतोय. पोलिस? वरिष्ठ पोलिस अधिकारी त्याचा मित्र, दोघं गोल्फ खेळतात, आणि ही ओळख इन्स्पेक्टरला ऐकवायला तो विसरत नाही.

पगार, नोकरी, मदत, न्याय, पोलिस, सगळ्या किल्ल्या एका जेवणाच्या टेबलावर. योगायोग जरा जास्तच जुळलेत असं वाटेल, आणि वाटायलाच हवं. एकाच कुटुंबातल्या सगळ्यांची एकाच मुलीशी गाठ पडणं खऱ्या आयुष्यात कठीण. प्रीस्टलींनी शहरभर विखुरलेली सत्ता एका घरात कोंबली, कारण नाटकाला दोन-अडीच तासच मिळतात.

सरकारी दारही तपासा. १९०९च्या एका कायद्यानं ब्रिटनमध्ये किमान वेतन ठरवायला सुरुवात झाली होती, पण तेव्हा ते शिवणकाम, कागदी खोकी, लेस आणि साखळ्या अशा चारच धंद्यांपुरतं होतं. १९११च्या राष्ट्रीय विमा कायद्यातली बेकारीची मदत १९१३पासून मिळू लागली, तीही मोजक्या धंद्यांना. संसदेच्या निवडणुकीत बायकांना मताचा अधिकार नव्हताच. तो १९१८ साली आला, तोही तिशीपुढच्या आणि ठरावीक अटींत बसणाऱ्या बायकांनाच. एप्रिल १९१२च्या ईवाला यातलं काहीच मिळत नाही.

चौथी पायरी : तिला 'बिचारी' करू नका

ओवीच्या पहिल्या उत्तरातली खरी चूक ही होती. नवखे वाचक कामगार पात्राचं सोसणं मोजतात. करणं मोजत नाहीत.

ईवा काय काय करते? पगारवाढ मागते. संपाच्या म्होरक्यांपैकी एक होते. तिला काढतात ते ती कामात कच्ची म्हणून नव्हे. उलट ती चांगली कामगार होती, तिला बढती द्यायचं चाललं होतं, हे बर्लिंग स्वतः कबूल करतो. ती फार बोलत होती, म्हणून काढली. जेराल्ड सोडून जातो तेव्हा ती तमाशा करत नाही, दोन महिने समुद्रकाठी जाऊन राहते. एरिकशी लग्न करायला नकार देते, कारण त्याचं तिच्यावर प्रेम नाही हे तिला दिसतं. आणि पैसे चोरीचे आहेत हे कळल्यावर आणखी घेत नाही.

हा शेवटचा नकार आणि सिबिलबाईंचं एक वाक्य समोरासमोर ठेवा. चोरीचे पैसे तिनं नाकारले यावर बाईंचा विश्वासच बसत नाही. 'तसल्या मुली' पैसे नाकारतात होय, असा त्यांचा सूर. त्यांच्या मते नीतिमत्ता परवडायलाही ऐपत लागते. खोलीतली सगळी माणसं डोळ्यांसमोर आणा : पैसे चोरणारा या घरचा, बाई ठेवणारा या घरचा होणारा जावई, आणि नाही म्हणणारी एकटी ती.

एकदाच ती खोटं बोलते. संस्थेकडे जाताना स्वतःचं नाव 'मिसेस बर्लिंग' सांगते. बाईंना राग येतो तो या उद्धटपणाचा, आणि अर्ज फेटाळण्याचं खरं कारण तेवढंच. भुकेपेक्षा आडनाव मोठं ठरलं.

इथे माझी एक तक्रारही नोंदवतो. प्रीस्टलींनी ईवाला जरा जास्तच धुतलेल्या तांदळासारखं केलंय. मदत मिळायला गरिबानं सद्गुणी असावं लागतं की काय, असा प्रश्न पडतो. ती आळशी असती, तोंडाळ असती, तरी साडेबावीस शिलिंग कमीच होते. परीक्षेत असं लिहायला घाबरू नका. पुरावा देऊन केलेल्या टीकेनं गुण कापले जात नाहीत.

आणि ती मुलगी आहे, हे विसरू नका. जवळजवळ प्रत्येकजण तिच्या सुंदर असण्याचा उल्लेख करतो. शीलाची तर चीडच त्यातून येते : आपल्याला न शोभणारा ड्रेस या दुकानातल्या पोरीला शोभला असता. तिच्या जागी कामगार मुलगा असता तर कारखान्याचं दार तसंच बंद झालं असतं, पण पुढची गोष्ट निराळी झाली असती.

पाचवी पायरी : कोण बोलतं, कोण बोलत नाही

ईवाची सगळी गोष्ट आपण तिला वाईट वागवलेल्या माणसांच्या तोंडून ऐकतो. तिची डायरी आहे म्हणे, पण ती इन्स्पेक्टरकडे. फोटो आहे, तोही तो एका वेळी एकालाच दाखवतो. प्रेक्षकाला काहीच दिसत नाही.

आमच्या हौशी मंडळात मी एकदा या नाटकाचं वाचन बसवलं होतं. अतिशहाणपणा सुचला. शेवटी मागच्या पडद्यावर निळा स्पॉट, त्यात पांढऱ्या कपड्यांतली एक मुलगी पाठमोरी उभी, आणि बासरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खुर्च्या आवरताना एक म्हातारे गृहस्थ आले. आयुष्यभर परळच्या गिरणीत काम केलेले, १९८२च्या संपानंतर घरी बसलेले. म्हणाले, "ती पोरगी दाखवलीत कशाला? मी आमच्या वाइंडिंग खात्यातल्या एका बाईला मनात धरून बसलो होतो."

त्यानंतर मी बासरी कपाटात ठेवली. नाटककारानं जागा रिकामी का ठेवली याचं इतकं नेमकं उत्तर मला कुठल्या समीक्षेत मिळालं नव्हतं.

आपल्याकडचा उलटा नमुना म्हणजे जयंत पवार यांचं 'अधांतर'. तिथे संपानंतरचं गिरणी कामगाराचं घरच रंगमंचावर आहे. दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचल्या तर कामगार दाखवण्याचे दोन रस्ते स्पष्ट दिसतात. एकात तो बोलतो, भांडतो, जेवतो. दुसऱ्यात त्याच्याबद्दल फक्त बोललं जातं.

नावाकडेही बघा. स्मिथ हे इंग्लंडमधलं सर्वांत सर्रास आढळणारं आडनाव. ईवा म्हणजे बायबलमधली आदिमाता ईव्ह. जाताना इन्स्पेक्टर म्हणतोच की एक ईवा स्मिथ गेली तरी कोट्यवधी ईवा आणि जॉन स्मिथ उरले आहेत. शेवटी जेराल्ड युक्तिवाद करतो की प्रत्येकाला वेगळा फोटो दाखवला असेल, पाच वेगळ्या मुली असतील. ओवी इथे गोंधळली होती. "मग सगळं खोटंच ना?" तिला म्हटलं, समज पाच मुली होत्या. पाचही जणींना हेच मिळालं. आता बर्लिंगची बाजू भक्कम झाली की अजून वाईट झाली?

सहावी पायरी : दोन सालं जवळ ठेवा

ज्या काळात गोष्ट घडते तो एक, ज्या काळात नाटक लिहिलं तो दुसरा. इथे १९१२ आणि १९४५.

प्रीस्टली ब्रॅडफर्डचे. लोकरीच्या गिरण्यांचं शहर. जन्म सप्टेंबर १८९४चा, म्हणजे ईवा संपावर गेली त्या महिन्यात ते सोळा वर्षांचे झाले. शाळा सोडून लोकरीच्या व्यापाऱ्याच्या कचेरीत कारकुनी करण्याचंच त्यांचं ते वय. पुढे पहिल्या महायुद्धात लढले, जखमी झाले. नाटक लिहिलं ते दुसरं महायुद्ध संपत असताना. लंडनमध्ये नाट्यगृह मिळेना, म्हणून पहिला प्रयोग १९४५ साली सोव्हिएत संघात झाला. लंडनला ते १९४६मध्ये आलं. नाटक लिहिणं आणि लंडनचा प्रयोग यांच्या मधल्या जुलै १९४५मध्ये ब्रिटनच्या मतदारांनी मजूर पक्षाला प्रचंड बहुमत दिलं होतं.

आता बर्लिंगचं भाषण पुन्हा वाचा. टायटॅनिक पुढच्या आठवड्यात निघतेय, ती बुडणं शक्य नाही. युद्ध होणार नाही. संपाबिंपाचं काही फार मनावर घेऊ नका. १९४६चा प्रेक्षक दोन महायुद्धं बघून खुर्चीत बसलेला. जो माणूस जहाजाबद्दल आणि युद्धाबद्दल इतका चुकला, त्याचं पगाराबद्दलचं मत कोण खरं मानणार? ही नाटककाराची युक्ती आहे, थोडी ढोबळ, पण चालणारी.

सातवी पायरी : आता लिहा

पहिलं वाक्य 'ईवा ही गरीब मुलगी आहे' असं नको. ओवीनं शेवटी लिहिलं त्याचा मराठी सारांश असा : 'ईवाला कामावरून काढलं ते ती बोलली म्हणून, आणि नाटकभर प्रीस्टली तिला बोलू देत नाहीत.' यात पुरावा आहे, मतही आहे. पुढच्या प्रत्येक परिच्छेदात एक प्रसंग, त्यातली एक बारीक गोष्ट (रक्कम, वाक्य, रंगसूचना), आणि त्यातून दिसणारा नियम, एवढं पुरे. 'भांडवलशाही', 'शोषण' हे शब्द वापरा, पण बारीक गोष्ट सांगून झाल्यावर. आधी वापरलेत तर सांगण्यासारखं काही उरत नाही.

रंगसूचना वाचायला विसरू नका. सुरुवातीचा प्रकाश गुलाबी, जवळिकीचा. इन्स्पेक्टर आला की तो लख्ख आणि कडक होतो. प्रीस्टलींनी हे शब्दांत लिहून ठेवलंय.

आणि एड्ना. बहुतेक उत्तरांत तिचं नावही नसतं. पडदा उघडतो तेव्हा ही मोलकरीण टेबलावरच्या बशा आणि शॅम्पेनचे पेले उचलून पोर्टची सुरई आणि सिगारची पेटी ठेवत असते. इन्स्पेक्टर आल्याची वर्दी तीच देते. नाटकभर तिच्या वाट्याला मोजून चार-दोन वाक्यं. ईवाबद्दल एवढा गदारोळ चाललेला असताना कामगार वर्गातली एक जिवंत मुलगी भिंतीपलीकडे उभी आहे आणि तिला कुणी काही विचारत नाही. ओवीला म्हटलं, तिसऱ्या अंकात घंटा वाजते तिथलं वाच. तिनं पान शोधलं. एरिकचं प्रकरण उघड झालंय, इन्स्पेक्टर निघून गेलाय, रात्र बरीच झाली आहे, आणि सिबिलबाई सांगतात की दार एड्ना उघडेल, चहा करायला म्हणून मीच तिला जागी राहायला सांगितलंय.

"तिला झोपायला कधी मिळतं?" ओवीनं विचारलं.

तिला म्हटलं, हा प्रश्न वहीत लिही. तुझा शेवटचा परिच्छेद तिथून सुरू कर.